चुकीच्या जागचा श्वास

माझ्या सासूबाई अष्टपैलू आहेत. हे माझं मत नाही. गेली चाळीसएक वर्षं त्यांच्याविषयी जे काही छापून आलं, त्यात हा शब्द पहिल्या तीन ओळींत असतोच. एका कार्यक्रमपत्रिकेत तर त्यांचं नाव छापायचं राहून गेलं होतं, पण 'अष्टपैलू' होतं. हा शब्द कानावर पडला की दाढ ठणकल्यासारखा चेहरा करून त्या म्हणतात, "आठ पैलू म्हणजे आठ ठिकाणी थोडं थोडं घासलेलं. एका बाजूनं तरी कुणी पूर्ण बघितलं का मला?"

त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. मी विमा कंपनीत दावे तपासतो, त्यामुळे तथ्य कशाला म्हणतात ते मला थोडंफार कळतं. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी एका संगीत नाटकात पहिली मोठी भूमिका केली, तेव्हा एका वर्तमानपत्रानं लिहिलं, 'गायिकेच्या मानाने अभिनय चांगला.' दुसऱ्यानं लिहिलं, 'अभिनेत्रीच्या मानाने गातात बऱ्या.' दोन्ही कात्रणं त्यांनी एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीत, एकमेकांकडे तोंड करून. त्यानंतरची सगळी कारकीर्द त्या दोन कात्रणांच्या मधल्या फटीत गेली. गाणाऱ्यांकडे गेल्या की गाणारे म्हणत, या नाटकातल्या. नाटकवाल्यांकडे गेल्या की ते म्हणत, यांचं काय, या गाऊन पोट भरतील.

एका चित्रपटात त्या नायिकेची मैत्रीण होत्या आणि त्यांच्या तोंडी एक गाणं होतं. ते दुसऱ्या बाईंनी गायलं, कारण सासूबाई पडल्या अभिनेत्री. बत्तिसाव्या वर्षी त्या एका नायकाची आई झाल्या. नायक त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा होता आणि सेटवर त्यांना "ए आई, जरा सरक" म्हणायचा. पुढे मुलांच्या एका मालिकेत त्यांनी सात वर्षं शेळीचा आवाज दिला. अजूनही भाजी घेताना कुणीतरी म्हणतंच, "ताई, एकदा ते करा ना." त्या करतात. न केल्यास भाजीवाला कोथिंबीर कमी घालतो.

सगळ्यात जास्त ऐकली गेलेली त्यांची कामगिरी मात्र वेगळीच आहे. शहरातल्या मोठ्या दवाखान्याला फोन लावला की 'आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा' असं जो आवाज सांगतो, तो सासूबाईंचा. सासरे शेवटच्या आजारात तिथेच होते. डॉक्टरांशी बोलायला आम्ही घरून फोन लावायचो, तर फोनमधून सासूबाई म्हणायच्या, "कृपया प्रतीक्षा करा." आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सासूबाई म्हणायच्या, "करतेय."

पण ही गोष्ट त्या आवाजाची नाही. ही एका गाण्याची आहे, जे तुम्हाला पाठ आहे आणि सासूबाईंनी गायलेलं आहे, आणि यातली पहिलीच गोष्ट काय ती जगाला माहीत आहे.

त्या काळात चित्रपटाच्या गाण्याची एक पद्धत होती. मोठी गायिका वेळेवर मिळायची नाही. पण चित्रीकरण थांबवता येत नसे, म्हणून आधी एखाद्या साध्या गाणारीकडून ते गाणं गाऊन घेत. त्याला म्हणत डमी. सेटवर डमी वाजवायची, नायिकेनं तिच्यावर ओठ हलवायचे, आणि मोठ्या गायिकेला सवड झाली की तिच्या आवाजात गाणं पुन्हा मुद्रित करून डमीच्या जागी बसवायचं. डमी मग पुसून टाकायची, म्हणजे टेप परत वापरता येते. सासूबाई डमीसाठी फार मागणीतल्या होत्या, कारण त्या हुबेहूब मोठ्या बाईंसारख्या गात. मोठ्या बाई म्हणजे त्या काळच्या सगळ्यात मोठ्या गायिका. त्यांना सगळेच मोठ्या बाई म्हणत, त्यांच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा.

चौतीस वर्षांपूर्वी सासूबाईंनी एका गाण्याची डमी गायली. 'दाराशी थांबले मी, दार वाजवू कशाला' हे ते गाणं. तेव्हा त्यांना सातवा महिना होता. स्टुडिओत पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज टेपवर येतो. त्या उभ्या राहून गात होत्या, आणि 'थांबले' म्हणताना पोटातून एक सणसणीत लाथ आली. त्यांचा श्वास तुटला. 'थां' म्हणून झालं, मग एक छोटासा श्वास, मग 'बले'. संगीतकार, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते काचेपलीकडून म्हणाले, "असू दे, डमीच आहे. बस जाऊन."

ती लाथ मारणारी आज माझी बायको आहे. मला या गोष्टीचं फारसं आश्चर्य वाटत नाही.

पुढे नायिकेनं डमीवर ओठ हलवले. ती कामात चोख होती, त्यामुळे 'थां' नंतर तिनंही छोटासा श्वास घेतला, पापण्या मिटल्या आणि मग 'बले' म्हणाली. महिन्याभरानं मोठ्या बाई आल्या, त्यांनी गाणं गायलं, अर्थात त्या जागी श्वास न घेता, आणि गेल्या. मिक्सिंग करणाऱ्याच्या टेबलावर दोन टेपा आल्या. त्यानं पहिली लावली, तर ओठ जुळेनात. दुसरी लावली, तर जुळले. त्यानं जुळणारी ठेवली आणि चहा प्यायला गेला. यात त्याचं काही चुकलं असं मला अजूनही म्हणता येत नाही. त्याचं काम ओठ जुळवायचं होतं.

चित्रपट लागला तेव्हा माझी बायको सहा आठवड्यांची होती. तिला मांडीवर घेऊन सासूबाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. गाणं सुरू झालं आणि तो श्वास आला. सासूबाईंनी सासऱ्यांचा दंड धरला. "अहो, ही मी."

सासऱ्यांनी पडद्याकडे नीट बघितलं. "कुठे? मागच्या गर्दीत का?"

दुसऱ्या दिवशी त्या मास्तरांकडे गेल्या. मास्तरांनी गाणं पुन्हा लावून ऐकलं, डोकं धरलं, आणि म्हणाले, "खरंय. पण आता तोंड उघडलंस तर माझं, तुझं आणि त्या मिक्सिंगवाल्याचं, तिघांचंही कल्याण होईल. गप्प राहा. पुढचं गाणं तुझं. तुझ्या नावानं." पुढचं गाणं आलं. ती डमी होती.

गाणं मात्र असं चाललं की विचारू नका. मोठ्या बाईंना त्याच्यासाठी वर्षातल्या सर्वोत्तम गायनाचं बक्षीस मिळालं. समीक्षकांना तो श्वास सापडला. 'थांबले म्हणताना बाई खरोखरच थांबतात,' असं एकानं लिहिलं आणि तिथून ती साथ पसरली. एका प्राध्यापकांनी त्या श्वासावर तेवीस पानं लिहिली. गाण्याच्या शिकवणीत तो शिकवू लागले. परीक्षेत तो आला नाही तर मार्क कापू लागले. लोकांनी मागणी केल्यावर मोठ्या बाईंनाही आपल्या कार्यक्रमांत तो घ्यावा लागला. माझ्या बायकोनं पोटात एकदा पाय झाडला, त्यावर दोन पिढ्यांच्या गाणाऱ्या मुली घडल्या.

सासूबाईंजवळ पुरावा काहीच नव्हता. मोठ्या बाईंची टेप 'उपयोगात नाही' म्हणून पुसली गेली. मास्तर वारले. स्टुडिओच्या जागी फर्निचरचं दुकान आलं. मिक्सिंगवाला परदेशात मुलाकडे असतो आणि त्याला आता ऐकू येत नाही. हे ऐकू न येणं नेमकं कधी सुरू झालं याविषयी सासूबाईंच्या मनात शंका आहेत. असा दावा माझ्या टेबलावर आला असता तर मी तो फेटाळला असता, हे मी एकदा जेवताना बोलून गेलो. पुढचे चार दिवस त्या मला "जावईबापू" म्हणत होत्या. एरवी नुसतं "अरे" म्हणतात.

यंदा एका वाहिनीवरून फोन आला. गाण्याची स्पर्धा, खास भाग, सगळी गाणी मोठ्या बाईंची, आणि स्वतः मोठ्या बाई पाहुण्या. सासूबाईंना परीक्षक म्हणून बोलावलं होतं.

"गाण्याचे मार्क आमचे मुख्य परीक्षक गुरुजी देतील, ताई," फोनवरची मुलगी म्हणाली. "चाळीसपैकी. तुम्ही दहापैकी भाव बघायचे."

"भाव म्हणजे काय बघायचं?"

"चेहरा वगैरे."

सासूबाई हो म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी कपाटातून निळा पोशाख काढला, जो त्या सहसा कुणाच्या लग्नाला घालतात किंवा कुणाशी भांडायला जाताना.

गाडीत त्या मागच्या सीटवर ताठ बसल्या होत्या. अर्ध्या वाटेत म्हणाल्या, "आज मी बोलणार आहे. तिच्यासमोर. बासष्ट झाली, आता काय गमवायचंय?"

बायको फोनवर होती, स्पीकर चालू. "आई, नको गं. लोक म्हणतील, म्हातारपणी हिला नाव पाहिजे."

"म्हणू देत. खरंच पाहिजे. एका गाण्याचं तर पाहिजे, बाई. अख्खा खजिना मागत नाहीये."

"आणि कुणी मानलं नाही तर?"

"आत्ता कोण काय मानतं? शेळी मानतात."

मी सिग्नल बघत होतो.

स्टुडिओत त्यांच्या टेबलासमोर एक पाटी होती. 'ज्येष्ठ अभिनेत्री.' सासूबाईंनी ती उचलून सेट सांभाळणाऱ्या बाईला दाखवली. या बाईच्या कानात सतत कुणीतरी बोलत असायचं, त्यामुळे ती आपल्याशी बोलते आहे की त्याच्याशी, ते कळत नसे.

"यावर गायिका असं लिहाल का?"

"दोन्ही बसत नाही ताई पाटीवर."

"मग अभिनेत्री काढा. एक अक्षर वाचेल तुमचं."

"वरून मंजूर झालेलं असतं ते," बाई म्हणाली आणि मग कानातल्या माणसाला म्हणाली, "काही नाही, जरा पाटीचं होतं."

मी प्रेक्षकांत दुसऱ्या रांगेत बसलो. समोर एक लाल दिवा होता. तो लागला की टाळ्या वाजवायच्या. मोठ्या बाईंना हात धरून आणलं. पंचाहत्तरी ओलांडलेली, लहानखुरी बाई, पांढरे केस, पायात पळायचे बूट. दिवा लागायच्या आधीच लोक उभे राहिले.

पाचव्या नंबरावर आलेली मुलगी दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. निवेदिकेनं तिच्या नोकरीवर तीन विनोद केले. मुलगी तिन्हींना हसली नाही. मग तिनं 'दाराशी थांबले मी' म्हटलं. मला गाण्यातलं कळत नाही, पण चौतीस वर्षांच्या घरगुती तक्रारीमुळे हे एक गाणं कळतं. 'थांबले' आलं, मी वाट बघितली, आणि श्वास आलाच नाही. ती अख्खा शब्द एका दमात म्हणून पुढे निघून गेली, एखादा खड्डा बुजलेला असावा तशी. परीक्षकांच्या टेबलाशी सासूबाईंनी मान वर केली.

गुरुजींनी डोळे मिटले होते ते उघडले. "बाळ, सूर उत्तम. लय उत्तम. पण प्राण गेला."

"कुठे गेला?" मुलीनं विचारलं.

"'थांबले'मधला श्वास. तोच तर गाण्याचा प्राण. तू विसरलीस."

"विसरले नाही. घेतला नाही. श्वास पुरत होता, गरज नव्हती."

"गरज," गुरुजी प्रेक्षकांकडे वळून हसले. "फुलाला वासाची गरज असते का?" दिवा लागला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, सवयीनं.

सासूबाईंनी माइक पुढे ओढला. "गरज नव्हतीच. तिचं बरोबर आहे. तो श्वास चुकून आलेला आहे."

"ताई," गुरुजी अत्यंत प्रेमानं म्हणाले, "तुम्ही अभिनयाचं बघा. हे आमच्याकडे राहू द्या."

"गुरुजी, तो श्वास माझा आहे. रेकॉर्डवर जे गाणं आहे, ती मी गायलेली डमी आहे. मला सातवा महिना होता, पोरीनं लाथ मारली, माझा दम तुटला. मिक्सिंगला चुकून तीच टेप गेली. बाईंनी नीट गायलं होतं, ते पुसलं गेलं. एवढंच सांगायचं होतं. चौतीस वर्षं सांगायचं होतं."

इतकं सरळ, एका दमात. कुठेही श्वास चुकला नाही. मला वाटलं, झालं, एकदाचं झालं.

निवेदिका क्षणभर गोंधळली. मग तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं हे स्क्रिप्टमध्ये आहे आणि आपल्यालाच पान मिळालेलं नाही. "ताई, मग गाऊन दाखवाच. हो की नाही, प्रेक्षकहो?"

दिवा लागला. सासूबाई उभ्या राहिल्या. पहिल्यांदा त्यांनी ओळ सलग म्हटली, श्वास न घेता. मग पोटावर हात ठेवला आणि तीच ओळ पुन्हा म्हटली, 'थां' नंतर तुटलेल्या दमासकट. रेकॉर्ड लावल्यासारखी. माझ्या अंगावर काटा आला, आणि मी तर ती स्वयंपाकघरात शंभरदा ऐकलेली.

अख्खा सेट उभा राहिला. दिव्याची वाट कुणी बघितली नाही. गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "हुबेहूब. बाईंच्या नकला मी आजवर खूप ऐकल्या, पण अशी नाही. ह्याला म्हणतात अष्टपैलू."

सासूबाई खाली बसल्या. मार्क द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी समोरच्या यंत्रावर चाळीस दाबले. यंत्रानं टुणकन आवाज करून दहा दाखवले. दहाच्या वर ते घेत नाही. गुरुजींनी दिलेले बावीस मिळून मुलगी स्पर्धेबाहेर गेली.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी सासूबाईंना आपल्या मेकअपच्या खोलीत बोलावलं. पर्स धरायला म्हणून मीही गेलो. मोठ्या बाईंनी बूट काढून पाय खुर्चीवर घेतले होते. मेकअपवाल्या बाईंना त्यांनी खुणेनं बाहेर पाठवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हा कोण?"

"जावई."

"म्हणजे लाथ मारणारीचा नवरा," मोठ्या बाई म्हणाल्या. "बस बाबा. तुलाही लागत असतील."

सासूबाई हसल्या नाहीत. त्या उभ्याच होत्या.

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "स्वतःचा आवाज ओळखता येत नाही अशी मी काही मूर्ख नाही. गाणं संपलं आणि मी मनात म्हटलं, ही मी नाही. ही माझ्याहून दमलेली कुणीतरी आहे. तो श्वास मला आजवर जमला नाही गं. लोक मागतात, मी घेते. पण तुझा आलेला होता, माझा आणलेला."

"मग सांगायचं होतंत."

"कधी? पहिल्या वर्षी बक्षीस मिळालं. दुसऱ्या वर्षी लाज वाटली. तिसऱ्या वर्षी सवय झाली."

"आज सांगा."

मोठ्या बाईंनी आरशात स्वतःकडे बघितलं, मग सासूबाईंकडे, तेही आरशातच. "सांगते," त्या म्हणाल्या आणि बूट शोधू लागल्या. सासूबाईंनी खाली वाकून त्यांच्या बुटाची नाडी बांधली. हे त्यांनी का केलं ते मी नंतर विचारलं. "मोकळी होती," एवढंच म्हणाल्या.

आणि मोठ्या बाईंनी खरंच सांगितलं. शब्द फिरवला नाही. भागाच्या शेवटी माइक हातात घेऊन त्या म्हणाल्या, "मघाशी या बाई जे बोलल्या ते खरं आहे. 'दाराशी थांबले मी' हे गाणं माझं नाही. हिचं आहे. बक्षीसही हिचं. मी इतकी वर्षं गप्प बसले, ते चुकलं माझं."

माझ्या पाठीमागच्या बाई हुंदके देऊ लागल्या. निवेदिकेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि या वेळी ते खरं होतं. "ऐकलंत?" ती म्हणाली. "एवढ्या उंचीवर पोचलेली कलावंत आपलं सर्वांत गाजलेलं गाणं एका सहकलाकाराच्या पदरात टाकते. ह्याला म्हणतात मोठेपण."

"अहो, मोठेपण नाही," मोठ्या बाई म्हणाल्या, "मी सांगतेय काय—"

"बघा, बघा, हेसुद्धा नाकारतायत," गुरुजी म्हणाले आणि जाऊन त्यांच्या पाया पडले.

मोठ्या बाईंनी गुरुजींच्या डोक्यावरून सासूबाईंकडे बघितलं आणि दोन्ही हात जरासे पसरले. सासूबाईंनी मान हलवली. त्या दोघींना काय वाटत होतं ते फक्त त्या दोघींनाच कळत होतं. बाकी सगळे टाळ्या वाजवत होते.

परतीची अर्धी वाट संपली. मग मागून आवाज आला, "अरे, इतके दिवस निदान एक गोष्ट शिल्लक होती. सांगायची राहिलीय, असं तरी होतं. आता तीही सांगून झाली."

मी म्हटलं, "आई, त्यांनी कबूल तर केलं."

"हो ना. कबुली देऊनही तीच मोठी झाली. मी काय केलं असतं म्हणजे मी झाले असते, ते सांग."

आमच्या खात्यात असा दावा आला की आम्ही शेरा मारतो: दावा खरा, देय काही नाही. मी ते बोललो नाही. मला पुन्हा 'जावईबापू' व्हायची हौस नाही.

पुढच्या आठवड्यात तो भाग दाखवला. मोठ्या बाईंच्या बोलण्याखाली व्हायोलिन घातलं होतं. सासूबाईंचं बोलणं कापून फक्त 'नक्कल' ठेवली होती. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला, 'मोठ्या मनाच्या मोठ्या बाई', आणि सहाव्या ओळीत 'अष्टपैलू अभिनेत्री'. बायकोनं मथळा वाचून पेपर घडी करून ठेवला. म्हणाली, "आई, तुझं जाऊ दे. लाथ तर माझी होती ना? निदान मला तरी बक्षीस द्यायचं."

सासूबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "तुला वाढवली ते काय होतं मग?"

रविवारी दुपारी दारावरची बेल वाजली. दातांच्या दवाखान्यातली मुलगी दारात उभी होती. पत्ता तिनं शेळीच्या मालिकेच्या एका चाहत्याकडून मिळवला होता. सासूबाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि समोर बसल्या.

"तुमचं खरं आहे," मुलगी म्हणाली. "मी दिवसभर तोंड उघडून पडलेल्या माणसांचा श्वास ऐकते. घाबरलेला वेगळा, दमलेला वेगळा, नाटकी वेगळा. मी घरी जाऊन रेकॉर्ड लावली, बाईंचे कार्यक्रम लावले, आणि तुमचं त्या दिवशीचं. रेकॉर्डवर तुम्ही आहात. बाईंचा श्वास आधी ठरलेला असतो. तुमचा मध्येच आलाय."

मास्तर आणि मोठ्या बाई सोडल्या तर चौतीस वर्षांत हे म्हणणारी ती पहिली. सासरे गेले, तेही "असेल बुवा" म्हणत गेले. मी अठरा महिने पुरावा मागून मग नाद सोडला. सासूबाईंनी पदराशी चाळा केला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. त्यांचा आवाज निघाला तेव्हा तो शेळीचा, आईचा, दवाखान्याचा, कुणाचाच नव्हता.

"चहा घेशील ना?"

"घेईन. पण माझं एक काम होतं," मुलगी म्हणाली. "त्यांनी मला परत घेतलंय. प्रेक्षकांच्या मतांवर. पुढच्या शनिवारी पुन्हा हेच गाणं म्हणायचंय, पण या वेळी श्वासासकट. बाईंना वंदन म्हणून. तो श्वास मला शिकवाल का?"

मी खुर्ची दाराकडे सरकवली.

"ती चूक आहे," सासूबाई म्हणाल्या.

"माहितीय."

"त्या दिवशी तू बरोबर गायलीस. एवढ्या सगळ्यांत तू एकटी बरोबर गायलीस."

"हो. म्हणून बाहेर गेले."

मला वाटलं आता तिला हाकलणार. जिच्यापायी जन्म गेला, ती चूक स्वतःच्या तोंडानं शिकवायची, आणि तीही दुसरीला वंदन म्हणून. सासूबाई उठल्या. आतून त्यांनी पलंगावरची जाड उशी आणली आणि मुलीच्या हातात दिली.

"हे काय?"

"सातवा महिना. ओढणीनं पोटाला बांध घट्ट. उभी राहा. पंखा बंद कर रे," हे मला. "आणि तू इकडे ये," हे माझ्या बायकोला, जी चहा घेऊन आली होती. "उशीवर मार. कधी ते तिला सांगू नकोस."

"आई, काहीतरीच."

"त्या वेळी विचारून मारली होतीस का?"

बायकोनं कप ठेवले. मुलीनं गायला सुरुवात केली. 'दाराशी थां' आणि बायकोनं ठोसा दिला, आणि मुलीनं व्यवस्थित शब्द पुरा करून मग श्वास घेतला. शिकलेली मुलगी. सासूबाईंनी टेबलावर बोट आपटलं.

"चुकलं. बरोबर जागी घेतलास. परत."